टीव्हीवरचे पाद्री सगळे जेलमध्ये गेले का?

प्रश्न: नमस्कार सर, आमच्या मिरजेत अमेरिकन मिशनरी म्हटलं की वानलेस हॉस्पिटल डोळ्यासमोर येतं, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथंच झालेलं. पण मुलगा म्हणतो अमेरिकेत टीव्हीवर पैसे मागणारे पाद्री होते, त्यांनी प्रेसिडेंट निवडून आणला आणि नंतर सगळे जेलमध्ये गेले. खरं किती यात?
– एक वाचक, मिरज

उत्तर: सगळे नाही हो, गाजलेल्यांपैकी आत गेला तो जिम बेकर. पण सुरुवातीपासून सांगतो, कारण गंमत तिथंच आहे.

आधी तिकडचे चॅनेल जुन्या, प्रतिष्ठित चर्चना फुकट वेळ द्यायचे. १९६० मध्ये सरकारी नियम बदलला, पैसे घेऊन दाखवलेला धार्मिक कार्यक्रमही समाजसेवेत धरायला लागले, मग फुकट कोण देतंय? जो पैसे मोजेल त्याचा पाद्री टीव्हीवर, आणि ते पैसे आणायचे कुठून तर बघणाऱ्यांकडूनच. पॅट रॉबर्टसन नावाच्या टीव्ही पाद्र्यानं १९६३ मध्ये ७०० लोकांनी महिन्याला १० डॉलर द्या असं आवाहन केलं, त्यावरनंच त्याच्या कार्यक्रमाला '७०० क्लब' नाव पडलं. आपल्या भिशीसारखंच, फक्त नंबर कधी लागत नाही.

आता बेकर. साउथ कॅरोलायनात त्यानं 'हेरिटेज यूएसए' नावाचं धार्मिक रिसॉर्ट काढलं, वॉटरपार्कसकट. स्कीम अशी की साधारण हजार डॉलर भरा आणि आयुष्यभर दरवर्षी तीन रात्री हॉटेलात फुकट राहा. अशा मेंबरशिप विकल्या दीड लाखाच्या आसपास, जमले १५ कोटींहून जास्त डॉलर, आणि मोठं हॉटेल पूर्ण झालं एकच, ५०० खोल्यांचं. तुम्हीच हिशोब करा, वर्षभर एकही खोली रिकामी ठेवली नाही आणि दुसरं कुणी गिऱ्हाईक घेतलंच नाही तरी ६१ हजारांच्या वर नंबर लागत नाही. दामदुप्पटवाल्यांकडं आणि बुडालेल्या पतसंस्थांकडं आपल्या भागातल्या लोकांनी पैसे घातलेत, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. लोकांच्या लक्षात राहिलं ते बाईचं लफडं आणि तिला गप्प बसवायला दिलेले पैसे, १९८७ मध्ये त्यापायी बेकरची संस्थेतली खुर्ची गेली, पण १९८९ ला ४५ वर्षांची शिक्षा झाली ती या मेंबरशिपमधल्या फसवणुकीबद्दल. पुढं ती कमी झाली.

बाकीचे टीव्ही पाद्री बघा, जिमी स्वॅगर्ट १९८८ मध्ये टीव्हीवर रडून 'मी पाप केलं' म्हणाला, ओरल रॉबर्ट्सनं तर ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला वर बोलावून घेईल असं सांगितलेलं. जमले बहुतेक, कारण तो पुढं २००९ पर्यंत जगला.

राहिला प्रेसिडेंट. जेरी फॉलवेल या आणखी एका टीव्ही पाद्र्यानं १९७९ मध्ये 'मॉरल मेजॉरिटी' नावाची राजकीय संघटना काढली. कारण म्हणून गर्भपात सांगतात, पण गोऱ्यांच्याच मुलांना घेणाऱ्या खासगी ख्रिश्चन शाळांची टॅक्स सवलत काढायला सरकार लागलं होतं तो रागही होता, हे विसरलं जातं. १९८० ला त्यांनी रेगनचं काम केलं हे खरं, पण महागाई होती, इराणमध्ये ओलीस ठेवलेले अमेरिकन होते, त्यामुळं 'निवडून आणला' हे मला जास्तच वाटतं. १९८८ ला रॉबर्टसन स्वतःच प्रेसिडेंटपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागायला उभा राहिला, आयोवा राज्यातल्या पक्षाच्या मतदानात थोरल्या बुशच्या पुढं दुसरा आला आणि पुढं आपटला. १९८९ ला मॉरल मेजॉरिटीही बंद.

लोक इथंच संपलं म्हणतात आणि तिथंच चुकतात. त्याच वर्षी रॉबर्टसननं 'ख्रिश्चन कोअलिशन' ही नवी संघटना काढली आणि टीव्ही बाजूला ठेवून स्कूल बोर्ड, पक्षाच्या गल्लीतल्या कमिट्या धरायला सुरुवात केली. आपल्याकडं कारखाना हातात घ्यायचा तर आधी गावची सोसायटी धरतात ना, तसंच.

आणि हो, बेकर १९९४ ला सुटला. परत टीव्हीवर येऊन जगबुडीसाठी टिकाऊ जेवणाच्या बादल्या विकायला लागला, २०२० मध्ये कोरोनावर चांदीचं औषध विकतो म्हणून मिझुरी राज्यानं त्याच्यावर केस टाकली.