भिरंडेलाची परीक्षा घेताना

फोंडा, गोवा

प्रिय बाये,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रबंधाचा आराखडा वाचला. भाजलेल्या जागी भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) आणि हळद लावायची आपल्याकडची रीत तपासायला घेतलीस, याचा मला फार आनंद झाला.

मात्र ‘गावात सगळ्यांना गुण येतो’ हा पुरावा म्हणून धरू नकोस. वरवर भाजून फोड आलेली जखम, जंतू शिरले नाहीत तर, दोन-तीन आठवड्यांत आपसूक भरते. मधल्या काळात जे लावलं, त्याच्या पदरात श्रेय पडतं.

म्हणून तुलनेच्या गटांवर सगळ्यांत जास्त वेळ घाल. तू दोनच गट धरलेत: औषध लावलेला आणि न लावलेला. तेवढ्याने भागायचं नाही. भिरंडेल एरवी वडीसारखं घट्ट, पण ऊब लागली की विरघळून जखमेवर थर धरतं. ओलावा राखलेली जखम कोरडीपेक्षा लवकर भरते, हे १९६२ सालीच डुकरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं. मग गुण हळदीचा की नुसत्या स्निग्ध थराचा? नुसत्या भिरंडेलाचा गट हवाच, आणि नेहमीच्या ड्रेसिंगचाही.

हळदीचा डाग धुऊनही जात नाही, त्यामुळे मोजणाऱ्याला गट लगेच कळतो. पारदर्शक कागदावर जखमेची कड रेखून घे आणि मोजणाऱ्याच्या हाती फक्त तो कागद दे. शिवाय तुझा प्रयोग उंदरांवर आहे, आणि उंदराची कातडी सैल असते, त्याची जखम कडा आकसून मिटते. माणसाची मुख्यतः नवी त्वचा चढून भरते. तेव्हा नुसत्या क्षेत्रफळावर जाऊ नकोस, ऊतींच्या स्लाइडही पाहा.

सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांचा १९९१ चा अभ्यास मिळवून वाच. त्यांनी १०४ रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजल्यावर लावायचं मलम यांची तुलना केली, आणि मध सरस ठरला. पण त्या मलमानेच जखम भरायला उशीर होतो, असं पुढच्या अभ्यासांतून दिसत गेलं. तुझं नेहमीचं ड्रेसिंग ठरवताना हे ध्यानात घे.

ज्या आजींकडून कृती घेतलीस, त्यांची संमती आणि प्रमाणं लेखी ठेव. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेने १९९५ मध्ये दिलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं. तो लढा आपल्या माशेलच्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) जिंकला, तो जुन्या लेखी नोंदींच्या बळावर.

हे काम कळल्यावर शेजारीपाजारी विचारतील, ‘भाजलंय, काय लावू?’ त्यांना वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायला सांग, मग स्वच्छ कापड. भाजणं मोठं असेल, किंवा चेहऱ्यावर, हातावर असेल, तर थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पाठव.

नीतिमत्ता समितीकडे अर्ज जाण्याआधी गटांचा भाग नव्याने लिहून मला दाखव.

तुझा,
सर