मानवी शरीरातील ऊतींचे मुख्य प्रकार कोणते, आणि हाड जुळते तर गुडघ्याची गादी परत का येत नाही?

अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता अशा चार मुख्य ऊती आहेत. परीक्षेपुरते एवढे पुरेसे आहे आणि त्यांच्या उपप्रकारांचा तक्ता कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतो. मी लिहायला बसलो तो आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागामुळे. मोडलेले हाड जुळते, मग गुडघ्याची झिजलेली गादी परत का येत नाही, हे ऊतींच्या वैशिष्ट्यांवरून समजते का, असे आपण विचारले आहे. हाच प्रश्न माझे थोरले बंधू मला गेली बारा वर्षे विचारत आहेत. फरक एवढाच, की ते उत्तर ऐकून घेत नाहीत.

मी नाशिकमधील एका प्रयोगशाळेत २८ वर्षे ऊतींचे काप काढण्याचे काम केले. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवायचा, अल्कोहोलने त्यातील पाणी काढायचे, मेणात बसवायचा आणि मायक्रोटोमच्या पात्याखाली चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप पाडायचे, हा रोजचा क्रम होता. कापांची फीत कोमट पाण्यावर तरंगत सोडली की सुरकुत्या आपोआप निघतात. मग ती काचपट्टीवर अलगद उचलून घ्यावी लागते. रंगवल्यावर पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. अहवालावर सही डॉक्टरांची असते, पण ऊती कोणती आहे हे तो तुकडा हातात घेताना आणि पाते फिरवतानाच आम्हाला बरेचसे कळत असे. हाड तर आधी आम्लात ठेवून त्यातील कॅल्शियम काढल्याखेरीज कापलेच जात नाही.

बंधूंची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. घरात आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. बऱ्याच वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून त्यांच्या उजव्या नडगीचे हाड मोडले. प्लास्टर घातले गेले आणि तीन महिन्यांनी ते मांडवाखाली पूर्वीसारखे फिरू लागले. पुढे त्याच पायाचा गुडघा ठिबकच्या नळीत पाऊल अडकून पिरगळला. एमआरआयमध्ये गुडघ्यातील चंद्रकोरीसारखी गादी, म्हणजे मेनिस्कस, आतल्या कडेला फाटलेली आणि हाडाच्या टोकावरचे कूर्चेचे, म्हणजे गुळगुळीत, लवचिक ऊतीचे, आवरण झिजलेले दिसले. तेवढ्यात ओळखीतल्या कोणीतरी एक मालिशवाला गाठून दिला. त्याने ४० दिवस तेल चोळले, सोबत एक भुकटी दिली आणि 'गादी भरून येईल' असे ठणकावून सांगितले. मी हरकत घेतली तेव्हा अण्णा म्हणाले, "हाड एवढं टणक, तरी ते जुळलं. ही तर मऊ गादी, हिला काय धाड भरलीय?"

तेव्हा रागाच्या भरात मला नीट उत्तर देता आले नाही. आता देतो, आणि त्यासाठी त्या मालिशवाल्याच्या अंगठ्याखाली काय काय येते तेच क्रमाने पाहू.

अंगठा प्रथम टेकतो तो अभिस्तर ऊतीवर. हिच्या पेशी एकमेकींना खेटून असतात, मधे जागा जवळपास नसतेच, आणि तळाशी आधारपटल, म्हणजे त्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा, असते. त्वचेत या पेशींचे अनेक थर असतात. वरचे थर मृत आणि केराटिन या टणक प्रथिनाने भरलेले असल्यामुळे तेल बहुतांशी तिथेच राहते. ही ऊती फार लवकर नवी होते. त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत, तर आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलते. जिथे देवाणघेवाण करायची असते, जसे फुप्फुसातील वायुकोश, तिथे तिचा एकच चपटा थर असतो. आतड्यात पेशी उंच खांबांसारख्या, तर श्वासनलिकेत रोमक, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू असलेल्या, असतात. काम बदलले की आकार बदलतो, हे हिचे खरे वैशिष्ट्य आहे.

त्वचेखाली संयोजी ऊती लागते. इथे पेशी थोड्या आणि त्यांच्यामधील आधारद्रव्य जास्त असते, आणि हे आधारद्रव्यच ऊतीचा स्वभाव ठरवते. ते द्रव असेल तर रक्त, क्षारांनी घट्ट झाले तर अस्थी, कोलाजेन या चिवट प्रथिनाचे दोर वळल्यासारखे असेल तर स्नायुरज्जू आणि अस्थिबंध. (चरबीत मात्र पेशीच जागा भरून टाकतात.) रक्ताला ऊती म्हणायचे हे मुलांना पटत नाही, पण या नियमात ते बरोबर बसते. सांध्याचे आतले पातळ अस्तरही अभिस्तर नव्हे, संयोजीच आहे, कारण त्याला आधारपटल नसते. इथे पुष्कळजण फसतात.

मांडीवर अंगठा दाबला की लागते ती पट्टेदार स्नायू ऊती. हिचे तंतू लांब, अनेक केंद्रकांचे आणि आपल्या इच्छेने चालणारे असतात. आतड्याच्या व रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूंना पट्टे नसतात आणि ते इच्छेबाहेर चालतात; हृदयाचे स्नायू पट्टेदार व शाखायुक्त असूनही इच्छेला जुमानत नाहीत. मालिशीने अण्णांना बरे वाटले ते इथे, हे मी नाकारत नाही.

चेता ऊतीबद्दल थोडक्यात सांगतो. चेतापेशीचा अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारा तिचा लांब धागा, पायात जवळपास मीटरभर लांब असू शकतो. हातापायातील चेता तुटली तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो, मेंदूत आणि मज्जारज्जूत मात्र ही सोय जवळपास नाही.

आता गादीकडे येतो. मेनिस्कस आणि हाडाच्या टोकावरचे आवरण ही दोन्ही कूर्चाच, आणि कूर्चा हीही संयोजी ऊतीच. त्या आवरणाच्या कूर्चेची काचपट्टी मी शेकडो वेळा पाहिली आहे आणि ती इतर कुठल्याही ऊतीसारखी दिसत नाही. फिकट निळसर, काचेसारखे एकसंध आधारद्रव्य आणि त्यात दूरदूर, वस्तीपासून लांब मळ्यात घर करून राहावे तशा, आपापल्या पोकळीत एक-दोन पेशी. रक्तवाहिनी शोधूनही सापडत नाही, चेतातंतूही नाही. सांध्यातील वंगणातून जे झिरपेल त्यावर या पेशी जगतात. म्हणूनच कूर्चा झिजताना स्वतः दुखत नाही; दुखते ते तिच्याखालचे हाड आणि सांध्याचे अस्तर, आणि तोपर्यंत बरीच झीज होऊन गेलेली असते.

हाडाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. बाहेरून ते दगडासारखे वाटते, पण आत रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्यांचे जाळे असते. हाड मोडले की तिथे रक्त साकळते, त्यात नव्या पेशी शिरतात, मऊ जोड तयार होतो, तो पुढे टणक होतो आणि शेवटी खरे हाडच बनते, व्रणही राहत नाही. टणकपणा हा आधारद्रव्याचा गुण आहे, भरून येणे हा पेशींचा आणि त्यांना मिळणाऱ्या रसदीचा. अण्णा पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधत होते, तिथेच त्यांची चूक झाली. आणि ही काही काल कळलेली गोष्ट नाही. नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, असे विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने लंडनमध्ये १७४३ साली लिहून ठेवले आहे.

यावर अण्णांचा हुकमी एक्का म्हणजे द्राक्षाचे कलम. डॉगरिज जातीच्या खुंटाला ते चीर पाडतात, थॉम्पसन जातीच्या काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे तासून त्यात बसवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. सालीला साल जुळली असेल तर काही दिवसांत डोळा फुटतो. "दोन वेगळ्या झाडांचं जुळतं आणि माझाच गुडघा माझ्याशी जुळत नाही?" असे ते भर पंगतीत विचारतात आणि लोक हसतात. पण सालीखाली जो ओलसर थर ते जुळवतात, ती विभाजी ऊती असते. तिच्या पेशी जन्मभर विभाजनाला तयार असतात. प्रौढ माणसाच्या सांध्यातील कूर्चेत असा थर नसतो. म्हणून कोणी तेल, लेप किंवा भुकटीने गादी भरून देतो म्हणाला, तर त्याला एक रुपयाही देऊ नये. कोलाजेनची भुकटी खाल्ली तरी पोटात तिचे पचून तुकडेच होतात. ती अखंड उठून गुडघ्यात जाऊन बसत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. गुडघा दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा. दुसरे म्हणजे, 'रक्त नाही म्हणून भरत नाही' एवढेच लिहिले तर चाणाक्ष परीक्षक पकडेल, कारण अभिस्तरातही रक्तवाहिन्या नसतात आणि तरी ती सर्वांत लवकर भरते. तिच्या तळाशी विभाजनक्षम पेशी असतात आणि लगतच्या संयोजी ऊतीतून तिला पोषण मिळते. तिसरे, मेनिस्कसच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो आणि तिथली चीर जुळू शकते. अण्णांची आतल्या कडेला होती. चौथे, स्वीडनमधील शल्यचिकित्सकांनी १९९४ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाच्याच गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या भागातून कूर्चेचा लहानसा तुकडा काढायचा, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि झिजलेल्या जागी नेऊन बसवायच्या.

ही चौथी गोष्ट मी मागच्या आठवड्यात प्रामाणिकपणे अण्णांना फोनवर सांगितली. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, "म्हणजे कलमच की ते! मग मी बारा वर्षं दुसरं काय सांगतोय?" ती पद्धत तरुण रुग्णांतील मर्यादित जखमेसाठी आहे, सगळीकडून झिजलेल्या म्हाताऱ्या गुडघ्यासाठी सहसा नाही, हे वाक्य मी पूर्ण करेपर्यंत त्यांनी फोन ठेवून दिला होता.