वाचकांचे प्रश्न : नाव तेच, पोलाद निराळे

प्रश्न : माझे थोरले काका तारवटी होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बोटीवरून येताना आणलेली घडीची सुरी आजही आमच्या घरी आहे. गेल्या वर्षी मी त्याच कंपनीची, त्याच नमुन्याची नवी सुरी मागवली. शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत, पण नवीची धार महिनाभरात जाते. कंपनीने हलके पोलाद घालून गिऱ्हाइकाला फसवले, असे समजावे काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आपण कळवलेले नाव आम्ही छापत नाही, कारण दोन सुऱ्यांवरून कोणाला आरोपी ठरवणे बरे नव्हे. मात्र कारखानदार पोलाद का बदलतात हे समजून घ्यायला अमेरिकेतील बक या कंपनीचे जगजाहीर उदाहरण पुरेसे आहे. १९६४ साली आलेल्या तिच्या ११० क्रमांकाच्या घडीच्या सुरीचे पाते पुढे बरीच वर्षे ४४०सी या पोलादाचे असे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ४२५एम झाले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी ४२०एचसी. ४४०सीमध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो, तर ४२०एचसीमध्ये साधारण त्याच्या निम्मा. जादा कार्बन क्रोमियमशी जुळून कार्बाइडचे अतिशय कठीण कण तयार करतो आणि तेच कण पात्याची झीज रोखतात. त्यामुळे जुन्या सुरीची धार अधिक टिकते हा आपला अनुभव खोटा म्हणता येणार नाही. परंतु जे कण धार राखतात, तेच पत्र्यातून पाती कापून काढणारे कारखान्यातले ठसे खाऊन टाकतात, आणि घरी निसण्यावर सुरी पाजळायला बसलेल्या माणसाचा घामही काढतात. पैसा वाचतो, हे खरेच. पण सोपी धार हवी असणारे गिऱ्हाईकही त्या निर्णयात असते.

आम्हांला विचाराल तर पोलादाचे नाव ही अर्धीच माहिती आहे. उरलेली अर्धी म्हणजे, आपल्या लोहाराच्या भाषेत, पात्याला दिलेले पाणी. बकने पॉल बॉस या जाणकाराच्या पद्धतीने ४२०एचसी तापवून, थंड करून त्याची कठीणता रॉकवेल मापाने सुमारे ५८ पर्यंत नेली, आणि त्या साध्या पोलादाला चांगला लौकिक मिळाला. उलट, उंची पोलादाला पाणी नीट चढले नाही तर धार तुटते तरी किंवा मुडपते तरी. म्हणून सुरी घेताना पोलादाच्या नावाबरोबर कठीणतेचा आकडाही विचारावा. आकडा सांगायला विक्रेता कचरत असेल, तर नाव कितीही भारदस्त असले तरी आम्ही ती सुरी घेणार नाही.

आपली नवी सुरी टाकून देण्यापूर्वी एक करून पाहावे. कारखान्यातल्या सहाणेवर धारेची अगदी कड पुष्कळदा तापते आणि मऊ पडते. दोनतीन वेळा निसण्यावर, पाणी घालून, दोन्ही बाजूंनी साधारण १७ अंशांचा कोन धरून ती मऊ कड घासून काढावी. मग पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर पाते नुसते टेकवून ओढावे. साल न दबता चिरली गेली, तर निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

प्रश्न : बेतूलला माझी छोटी होडी आहे. मासे कापायला घेतलेल्या सुरीवर 'डी२' असे कोरले आहे आणि त्यात १२ टक्के क्रोमियम असल्याचे दुकानदाराने सांगितले होते. तरी एका पावसाळ्यात त्या अक्षरांच्या खाचांतून तांबूस गंज फुटला. असे का?
— एक मच्छीमार वाचक

उत्तर : दुकानदाराचा आकडा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. गंजापासून जपते ते पोलादात मोकळे असलेले क्रोमियम. डी२ मध्ये कार्बन दीड टक्क्याच्या घरात असल्यामुळे बरेचसे क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून पडते, आणि समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड उरलेले संरक्षक आवरण जिथे ओल साचते तिथे, म्हणजे नेमके कोरलेल्या अक्षरांत, भोक पाडून आत शिरते. डी२ लाकूड किंवा दोरी कापायला उत्तम. खाऱ्या पाण्यावर मात्र त्याचे काही चालत नाही. होडीसाठी एलसी२००एन सारखे पोलाद पाहावे, ज्यात कार्बनचे काम बऱ्याच अंशी नायट्रोजनवर सोपवलेले असते आणि त्यामुळे क्रोमियम मोकळे राहते. बजेट बेताचे असेल तर १२सी२७ या स्वीडिश पोलादाची स्वस्त सुरीही चालेल. मात्र काम झाल्यावर ती गोड्या पाण्याने धुऊन पुसावी, आणि कातड्याच्या म्यानात पावसाळाभर मुळीच ठेवू नये, कारण म्यान ओल धरून ठेवते.

प्रश्न : आईच्या आदोळीचे (विळीचे) पाते भिणे, बिमले अशी आंबट फळे चिरली की काळे पडते. सून म्हणते, स्टीलचे बसवून घ्या. बसवू का?
— एक गृहिणी, फोंडा

उत्तर : नको. तो काळेपणा म्हणजे आंबटाने साध्या लोखंडी पात्यावर केलेला डाग आहे, ती आदोळीची खोड नव्हे. ऑपिनेल ही फ्रेंच कंपनी अजूनही कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही पात्यांच्या सुऱ्या विकते, म्हणजे साध्या पोलादाला गिऱ्हाईक तिथेही आहे. चिरून झाले की पाते लगेच धुऊन कोरडे करावे आणि रात्री त्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. सूनबाईंना हवीच असेल तर आंबटासाठी स्टेनलेसची वेगळी सुरी आणावी. नारळ आणि मासळी आदोळीवरच राहू द्यावी.