त्र्यंबक की त्रिंबक?

प्रश्न: पणजोबांवरून मुलाचं नाव त्र्यंबक ठेवतोय. अर्थ काय, मूळ काय, आणि त्रिंबक लिहिलं तर चालेल का?

अर्थ सोपा आहे. त्रि अधिक अंबक. अंबक म्हणजे डोळा, तीन डोळ्यांचा तो त्र्यंबक, शंकर. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं 'त्र्यंबकं यजामहे' तुम्ही ऐकलेलं असणारच. दुसरी व्युत्पत्ती अंबा शब्दावरून: तीन अंबा ज्याच्या, तो. यजुर्वेदात अंबिका रुद्राची बायको नाही, बहीण आहे. म्हणजे बारशाला हे नाव कानात सांगायला आत्याच हवी, असं माझं आपलं मत.

आता त्रिंबकचं. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर गाडीला पाटी त्र्यंबकची आणि कंडक्टरची आरोळी "त्रिंबक, त्रिंबक!" माझ्या वडिलांचंही तेच. शाळेच्या दाखल्यावर त्र्यंबक, गल्लीत त्रिंबकअण्णा. ते थकल्यावर बँकेचा फॉर्म आमच्या दादाने भरला आणि ठोकून दिलं त्रिंबक. म्हणे, लोक म्हणतात तसंच लिहायचं! अण्णा गेले आणि वारसनोंदीला कारकून म्हणाला, "ही माणसं दोन दिसतात. तुमचे वडील यातले कोणते?" सहा-सात हेलपाटे, मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. आणि त्या कारकुनाच्या पाठीमागे भिंतीवर कॅलेंडर कोणाचं, तर त्र्यंबकेश्वराचं.

दादाचा मुद्दा ठरलेला: त्रिंबकजी डेंगळे दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी झालेच ना? झाले. १८१६ साली इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन ठाण्याच्या किल्ल्यातून निसटलेसुद्धा. आम्हाला साध्या कचेरीतून निसटता येईना. आणि बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरेच होते, त्यांना कुठे जड गेलं ते जोडाक्षर?

तेव्हा लिहा त्र्यंबकच. घरात काय हवं ते म्हणा. त्रिंबक अगदीच चूक नाही म्हणा, बोलण्यातलं रूप आहे, एवढं दादाला देतो. पण जन्मदाखल्यापासून आधारपर्यंत एकच ठेवा, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. शाळेत त्याचं 'ट्रायंबक' होणार, त्याला इलाज नाही.

आणि दादा, वाचत असशील तर प्रतिज्ञापत्राच्या खर्चातला तुझा निम्मा वाटा अजून यायचाय.