वळीव पडून गेल्यावर काळ्या रानातल्या रस्त्यावरून बाईक न्यायची तर कोणते टायर घालावेत?

टायरचं नंतर बघू. तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात बायको-मुलाला घेऊन पुण्याहून जतकडच्या सासुरवाडीला जायचंय, गाडी १२५ सीसी, शेवटचा पट्टा कच्चा. गेल्या वर्षी वळवानंतर तिथंच फसलात, म्हणून आता बटणाचे, म्हणजे खोल खाचांचे टायर घालू का सरळ रॉयल एनफिल्डची हिमालयन घेऊ, असं विचारताय. मी शेजारच्या कवठेमहांकाळ तालुक्यात वायरमन आहे. वादळ आलं की लोक घरात जातात, आम्हाला तेव्हाच बाहेर पडावं लागतं.

काळ्या मातीत गाडी कुठली यापेक्षा तुम्ही निघालात कधी आणि गेलात कुठल्या वाटेनं, यावर सगळं असतं. पाऊस जोरात चालू असतो तेव्हा चिखल पातळ असतो, चाकाला लागतो आणि धुऊन जातो. खरी वाईट वेळ पाऊस उघडल्यानंतरची. ऊन पडतं, रस्ता वरून बरा दिसतो, माणूस म्हणतो चला निघू. नेमकी तेव्हाच ती माती मळलेल्या कणकेसारखी होते. टायर आणि मडगार्डच्या फटीत थरावर थर बसतो, त्यात वाळकं गवत आणि काड्या गुंतत जातात आणि पुढचं चाक फिरायचं थांबतं. बटणाच्या टायरच्या खाचा तर सगळ्यात आधी भरतात. वाफसा, म्हणजे मातीत बेताचीच ओल, आल्याशिवाय शेतात कुणी औत घालत नाही, मग रस्त्याला तेवढा वेळ द्यायला काय हरकत आहे? मे महिन्यात जमीन खाली टणक असते, भिजतात ती वरची चार बोटं. संध्याकाळी वळीव झाला असेल तर दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापल्यावर, दहा-अकराला निघा.

हे मी एवढं ठासून सांगतोय, कारण यावरून मला कारणे दाखवा नोटीस आली होती.

लग्नसराई होती. नागज फाट्याच्या पलीकडं एका वस्तीवर दुसऱ्या दिवशी लग्न, आणि चारच्या सुमाराला वळवानं झोडपलं. मांडव उडाला, फीडर, म्हणजे तिकडची वीजलाइन, ट्रिप होऊन बंद पडला, बोअरची मोटर बंद. पाहुणे येऊन बसलेले आणि प्यायला पाणी नाही. आमच्या तेव्हाच्या साहेबांचा फोन आला, ‘असशील तसा नीघ.’ मी निघालो. हेल्परला मागं घेतलं, पोलवर चढायचा झुला, पक्कड, अर्थिंग रॉड बांधला. फाट्यावर आलो तर विजा अजून माळावरच कडाडत होत्या. विजा चालू असताना पोलवर चढत नाहीत, हे साहेबांनाही माहीत होतं. मग उघड्या रानात झाडाखाली थांबून काय करायचं होतं? आम्ही पत्र्याच्या दुकानात थांबलो. विजा लांब गेल्या तसे निघालो, पण पाणंदीनं, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेनं, गेलो नाही. कालव्याच्या कडेनं मुरमाचा रस्ता आहे, तो धरला. अंतर दुपटीहून जास्त. मुरमात पाणी मुरतं, चाक धरून राहतं, फक्त कडेला पडलेल्या चरांवर लक्ष ठेवावं लागतं.

दुसऱ्या बाजूनं शेजारच्या सेक्शनचे दोघं पाणंदीनं घुसले होते. त्यांची गाडी मी नंतर पाहिली. पुढचं चाक मडगार्डसकट मातीचा एकच गोळा झालेला, बोट घालायला जागा नाही. एकजण हँडल धरून ओढतोय, दुसरा मागून रेटतोय आणि क्लचप्लेट जळाल्याचा वास पार बांधापर्यंत येत होता. शेवटी गाडी तिथंच सोडून ते चालत वस्तीवर आले. तोवर आम्ही परमिट, म्हणजे बंद लाइनवर काम करायची परवानगी घेऊन, लाइन अर्थ करून कामाला लागलो होतो. एका पोलवरचा जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, तुटला होता आणि एक पिन इन्सुलेटर विजेनं फुटला होता. रात्री मोटर चालू झाली. नवरीच्या आजीनं पहिला तांब्या आमच्या हातात दिला.

आणि आठवड्याभरानं कागद आला, ‘घटनास्थळी पोहोचण्यास विलंब का झाला?’ जे आधी निघाले त्यांना शाबासकी, जे आधी पोहोचले त्यांना नोटीस. मी उत्तरात दोन्ही रस्त्यांचा नकाशा काढून दिला होता. पुढं कारवाई झाली नाही, पण कागद फाइलला लागला तो लागलाच. साहेब आता निवृत्त झालेत. त्यांनी हे वाचलं तर त्यांना एवढंच विचारायचंय, की गाडी पाणंदीत अडकवून बसणं हे कामावर असणं होतं का?

असो. तुमची १२५ पुरेशी आहे. हिमालयन जवळजवळ दोनशे किलोची, आमची स्प्लेंडर ११२ किलोची. चिखलात आडवी पडलेली गाडी तुम्हाला एकट्याला उचलायची आहे, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. पैसे घालायचेच असतील तर गावातल्या मिस्त्रीकडून पुढचं मडगार्ड वॉशर टाकून वर उचलून घ्या, आमच्याकडं बरेच शेतकरी तेच करतात. डिकीत खुरपं ठेवा. माती दाटायला लागली की चाक थांबायची वाट न बघता उतरून खरवडा. मागचा टायर झिजला असेल तर तो मात्र बदला. हवा थोडी कमी करा, ३२ पीएसआय भरत असाल तर २५ पर्यंत, आणि डांबरी लागली की परत भरा. बायको-मुलाला खराब पट्ट्यात उतरवून कडेच्या गवतातून चालवा. लाज वाटायचं कारण नाही.

हे सगळं काळ्या रानाचं झालं. शिराळा, पाटणकडं जाणार असाल तर यातलं निम्मं लागू नाही. तिकडं लाल माती, जांभ्यावर शेवाळ आणि पावसाळ्यात दरड, त्याचं तिकडच्यांना विचारा. ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असेल आणि फरशीची कड दिसत नसेल तर कुठलीच गाडी घालू नका. आणि रस्त्यात तार पडलेली दिसली तर ती बंद आहे असं कधीही धरू नका. दहा मीटर लांब थांबा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवा आणि १९१२ वर फोन करा. पोलचा नंबर दिसला तर तोही सांगा, आमचा शोधायचा वेळ वाचतो.

निघायच्या दिवशी सकाळी सासऱ्यांना फोन करून एवढंच विचारा, की आज दुधाची गाडी आली का आणि कुठल्या वाटेनं आली. ती आली असेल त्याच वाटेनं जा. ती आली नसेल तर त्या दिवशी गाडी डांबरीलाच कुणाच्या तरी दारात लावा आणि चालत जा.