आधी हकीकत वाच

चि. वकीलबाई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्रीचा तुझा लांबलचक संदेश मी सकाळी चहा निवेपर्यंत दोनदा वाचला. अपिलाला झालेला उशीर माफ करण्याचा, म्हणजे विलंब माफीचा अर्ज नामंजूर झाला, त्याबरोबर त्या शेतकऱ्याचे अपीलही गेले, हातउसन्या रकमेच्या हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे कोर्टाच्या निकालावरून वसुलीची कारवाई, आता त्याच्या दारात येणार, आणि या सगळ्यावर कळस म्हणजे न्यायाधीशांनी भर कोर्टात तुला सांगितले की बाई, तुम्ही दाखवलेल्याच निकालाचा पुढचा भाग वाचा. त्यावर तू मला विचारतेस की एका निकालात कायद्याची प्रक्रिया माणसाला अडकवण्यासाठी नसते म्हणतात, दुसऱ्यात एकेका दिवसाचा हिशेब मागतात, मग १९५०-६० च्या दशकांतल्या त्या जुन्या निकालांवर विश्वास तरी कशाला ठेवायचा, आणि दिवाणी बाजू सोडून सरळ दस्तनोंदणीची कामे का करू नयेत.

दस्तनोंदणीबद्दल मी काही बोलणार नाही. पोट कसे भरायचे ते तुझे तू ठरव. पण ते निकाल एकमेकांशी भांडतात हे तुझे म्हणणे मला मान्य नाही. हुशार पोरीने असे लिहावे याचा मला थोडा रागही आला. ते भांडतात असे त्यालाच वाटते, ज्याने हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, वाचली आणि हकीकत वाचली नाही.

तू दाखवलेला निकाल रामलाल विरुद्ध रेवा कोलफिल्ड्स. सर्वोच्च न्यायालयाने तो मे १९६१ मध्ये दिला आणि लिहिला आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी. त्यातली हकीकत काय होती? अपिलाची शेवटची तारीख १६ फेब्रुवारी १९५५, त्याच दिवशी अपील करणारा भागीदार आजारी पडला आणि अपील १७ तारखेला दाखल झाले. उशीर एका दिवसाचा. खालच्या न्यायालयाने म्हटले की त्या दिवसाचे कारण ठीक आहे, पण मुदतीच्या आधीच्या काळात तुम्ही हातावर हात ठेवून का बसलात तेही सांगा. सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले: मुदत शेवटच्या दिवसापर्यंत वापरण्याचा पक्षकाराला हक्क आहे, त्यामुळे खुलासा द्यायचा तो शेवटच्या तारखेपासून दाखल करेपर्यंतच्या काळाचा. तू यातला पहिला अर्धा भाग घेऊन उभी राहिलीस. तुझा उशीर ४३ दिवसांचा आणि दवाखान्याचा दाखला १२ दिवसांचा. उरलेल्या ३१ दिवसांचे काय, हा प्रश्न न्यायाधीशांनी स्वतःच्या डोक्यातून काढला नव्हता, तो तुझ्याच हातातल्या निकालात लिहिलेला होता. शिवाय पुरेसे कारण दाखवले म्हणजे माफी हक्काने मिळते असेही तो निकाल म्हणत नाही. त्यानंतरही न्यायालयाचा विवेक उरतोच, आणि तिथे पक्षकाराची सचोटी पाहिली जाते. हे सगळे एकाच निकालात आहे. आधी हकीकत वाच, म्हणजे कोणते वाक्य किती लांब जाते ते कळते.

आता दुसरे वाक्य, जे तू मोठ्या अक्षरांत लिहिलेस. ते न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचे, संग्राम सिंग विरुद्ध कोटा येथील निवडणूक न्यायाधिकरण या १९५५ च्या निकालातले. बोस हे सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, आणि विदर्भातल्या जुन्या वकिलांकडून त्यांच्याबद्दल जे ऐकायला मिळे ते इथे लिहीत बसलो तर पत्र संपायचे नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता न्याय सुकर करण्यासाठी आहे, लोकांना ठेच लागावी म्हणून नाही, हे त्यांचे म्हणणे प्रत्येक अर्जाच्या शेवटी चिकटवले जाते. पण त्या प्रकरणात झाले काय होते? काही तारखांना पक्षकार गैरहजर राहिला, नंतर त्याचे वकील उभे राहिले, तर न्यायाधिकरण म्हणाले की एकतर्फी आदेश झाला आहे, आता तुम्हाला भागच घेता येणार नाही. बोस यांनी सांगितले की आल्या टप्प्यापासून त्याला भाग घेता येईल. मात्र घड्याळाचे काटे मागे फिरवून आधीचे कामकाज पुन्हा करून हवे असेल, तर गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागेल. म्हणजे त्या उदार वाक्याच्या पोटातही हिशेब आहेच. तू त्याला रामलालच्या विरोधात उभे केलेस. मला तर ते सख्खे भाऊ वाटतात.

आणखी एक दाखवतो, कारण ही खोड तुझ्या एकटीची नाही. अधिकार नसलेल्या न्यायालयाचा हुकूमनामा शून्यवत असतो, हे वाक्य आपल्या बाररूममध्ये रोज कुणीतरी फेकतो, आणि सोबत किरण सिंग विरुद्ध चमन पासवान हे नाव सांगतो, १९५४ चे ए.आय.आर. (निकालांचे छापील खंड), सर्वोच्च न्यायालय, पान ३४०. त्यातले किती जण सांगू शकतील की हा युक्तिवाद करणारा पक्ष तिथे हरला होता? मुंगेरकडच्या १२ एकर ५१ सेंट जमिनीचा तो दावा. वादींनी स्वतःच दाव्याची किंमत २,९५० रुपये लावली, त्यामुळे त्यांचे पहिले अपील जिल्हा न्यायालयात गेले आणि तिथे ते हरले. पुढे उच्च न्यायालयात खरी किंमत ९,९८० रुपये ठरली, तेव्हा वादी म्हणू लागले की मग आमचे अपील मुळात उच्च न्यायालयातच यायला हवे होते, सबब जिल्हा न्यायालयाचा निकाल रद्दबातल. सर्वोच्च न्यायालयाने ते प्रसिद्ध वाक्य लिहिले आणि लगेच सांगितले की केवळ किंमत चुकीची लावल्याने असा दोष आला असेल, तर दाव्यांच्या मूल्यांकनाच्या कायद्यातले कलम ११ लागते, आणि गुणदोषांवर खरोखर नुकसान झाल्याचे दाखवल्याशिवाय निकाल उलटत नाही. ज्याने स्वतः दार निवडले, त्याने आत हरल्यावर दार चुकीचे होते म्हणायचे नाही. वाक्य वादींच्या बाजूचे, निकाल त्यांच्या विरुद्ध. हकीकत न वाचता ते वाक्य उचलणारा माणूस हरलेल्याचा युक्तिवाद उधार घेत असतो.

हे मी इतक्या तावातावाने का लिहितो, ते आता सांगावेच लागेल. तुझ्याजवळ मी हे कधी बोललो नाही.

त्याच १९५४ च्या खंडात, त्याच निकालापासून पाच पाने पुढे, पान ३४५ वर चुनचुन झा विरुद्ध इबादत अली आहे. संग्राम सिंगसारखा तोही बोस यांचाच. एका दस्ताने १९३० साली ७०० रुपयांना जमीन वरकरणी विकली गेली होती, आणि त्याच दस्तात ठरल्या मुदतीत पैसे परत केल्यास जमीन परत मिळण्याची अट होती. ती खरेदी की शर्तीच्या खरेदीच्या रूपातले गहाण, हा वाद. सर्वोच्च न्यायालयाने ते गहाण ठरवले. आपल्या भागात या निकालाचे मोल फार, कारण इथे 'खरेदी नावाची, गहाण खरे' ही बोलीच आहे. १८७५ च्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी दिलासा कायद्याखाली, कागद खरेदीचा असला तरी व्यवहार गहाणाचा होता हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची सोय शेतकऱ्याला पुढे कलम १०-अ ने मिळाली होती. १९४७ च्या मुंबई शेतकरी कर्ज निवारण कायद्याने तो जुना कायदा गेला, पण लोकांच्या मनातून ती सोय गेली नाही. आजोबांनी कोर्टात जमीन सोडवून आणलेली ज्याने पाहिली, त्या नातवाला वाटत राहिले की नावाची खरेदी ही नावाचीच असते.

असाच एक नातू १९७८ साली माझ्याकडे आला. १९७२ च्या दुष्काळात त्याने चार एकर जमीन खरेदीखताने लिहून दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या मुद्रांकावर घेणाऱ्याने फेरखरेदीचा करार लिहून दिला होता: पाच वर्षांत पैसे परत दिल्यास जमीन परत. मी हेडनोट वाचली, मन भरून आले आणि गहाण सोडवण्याचा दावा ठोकून दिला. युक्तिवादाच्या दिवशी चुनचुन झा मोठ्या अभिमानाने न्यायाधीशांपुढे ठेवला. समोरचे वयस्क वकील उठले, त्यांनी माझ्याच पुस्तकावर बोट ठेवले आणि शांतपणे वाचले की विक्री आणि फेरखरेदीचा करार वेगवेगळ्या दस्तांत असतील, तर व्यवहार गहाण ठरू शकत नाही, मग ते दस्त एकाच वेळी झालेले असोत वा नसोत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ ला १९२९ च्या दुरुस्तीने जोडलेले ते परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, मला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते. पण माझ्या निकालातच ते माझ्याविरुद्ध लिहिलेले असेल हे मी पाहिले नव्हते.

दावा गेला ते एक वेळ समजू. खरी चूक वेगळीच होती. माझा पक्षकार पाच वर्षांच्या आत, दोन साक्षीदारांसह, पैसे घेऊन त्या माणसाच्या घरी गेला होता आणि 'पुढच्या हंगामात ये' असे ऐकून परतला होता. फेरखरेदीचा हक्क मुदतीत काटेकोरपणे बजावावा लागतो, त्यात सवलत नसते, हे सिमरथमल विरुद्ध नंजलिंगय्या गौडर या निकालात स्पष्ट आहे. आणि माझ्या माणसाने तर तो बजावला होता! करार पुरा करून मिळण्याची पर्यायी मागणी त्याच दाव्यात एका परिच्छेदाने मांडता आली असती. मी ती मांडली नाही, कारण गहाणाच्या गोष्टीला तो कमीपणा वाटला. अपिलात ती मागणी दाव्यात घालण्यासाठी दुरुस्ती अर्ज दिला तेव्हा मुदत कायद्याची तीन वर्षे कधीच उलटली होती. पिरगोंडा पाटील विरुद्ध कलगोंडा पाटील हा १९५७ चा निकाल दुरुस्तीला उदार आहे, मुंबई उच्च न्यायालयाचा १९०९ चा किसनदास विरुद्ध राचप्पाही आहे, पण दोन्हींत अट एकच की समोरच्यावर अन्याय होता कामा नये, आणि मुदतीने त्याला मिळालेला बचाव काढून घेणे हा अन्यायच. या खेपेला दोन्ही निकाल मी संपूर्ण वाचले होते. अर्ज नामंजूर होणार हे मला उभे राहण्याआधीच कळले होते.

तू म्हणशील, काका, तुम्ही तेव्हा तरुण होता. होतो. माझे ज्येष्ठ वकील आजारी होते, रोज वीस प्रकरणे अंगावर होती, आणि त्या शेतकऱ्याने पैसे घेऊन गेल्याची गोष्ट मला उलटतपासाच्या वेळी प्रथम सांगितली. हे सगळे खरे आहे आणि गेली चाळीस वर्षे मी ते स्वतःला सांगत आलो आहे. पण त्याने सांगितले नाही, यावर उत्तर एवढेच की मी विचारले नव्हते. पक्षकाराची हकीकत न ऐकणे आणि निकालाची हकीकत न वाचणे हा एकच आळस आहे.

त्यानंतर मी ठरवले की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत न वाचलेला निकाल कोर्टात दाखवायचा नाही. यामुळे मी सावकाश वकील म्हणून बदनाम झालो, काही मोठे पक्षकार गेले, एका न्यायाधीशांनी मला 'आज तरी आटपा' असे म्हटले. म्हणोत. माझा हट्ट चुकला असे मला आजही वाटत नाही, आणि हे लिहिताना मी स्वतःची बाजू मांडतो आहे हे मला कळते आहे. आता तुमच्या मोबाइलवर शब्द टाकला की शंभर निकालांतले पिवळे केलेले तुकडे समोर येतात. आमची हेडनोट निदान कुणीतरी पूर्ण निकाल वाचून लिहिलेली असे.

आणि जुनी न्यायालये नेहमी कर्जदाराच्या बाजूने झुकत, हा जो सूर तुझ्या संदेशात आहे, तोही सोड. गंगाधर विरुद्ध शंकरलाल काढ. अजमेरचे एक दुकान १८९९ साली ६,३०० रुपयांना ८५ वर्षांसाठी गहाण होते, आणि त्या आधी सोडवता येणार नाही अशी अट होती. 'एकदा गहाण ते कायम गहाण', म्हणजे सोडवण्याचा हक्क अटीने अडवता येत नाही, हे पाठ असलेला कोणीही म्हणेल की ही अट टिकणार नाही. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकवली, कारण मुदत लांब आहे एवढ्यावरून जुलूम सिद्ध होत नाही आणि करार करताना कर्जदाराची अडवणूक झाल्याचे हकिकतीतून दिसत नव्हते. मला तो निकाल आवडत नाही. पण तो का तसा लागला हे मला सांगता येते, आणि तुलाही सांगता यायला हवे.

चुनचुन झामध्येच बोस म्हणतात की या विषयावरचे निकाल एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण दोन दस्त क्वचितच एकसारख्या शब्दांत असतात. हेही मी दावा हरल्यावर वाचले.

तुझ्या शेतकऱ्याचे पुढे काय करायचे ते मी या पत्रात लिहिणार नाही, कारण मी कागद पाहिलेले नाहीत. रविवारी दहा वाजता ये. रोजनामा, म्हणजे कोर्टातल्या तारखांच्या कामकाजाची नोंद, आण, दवाखान्याचे कागद आण, आणि खालच्या कोर्टाच्या हुकूमनाम्याची मूळ सहीशिक्क्याची नक्कल आण, झेरॉक्स नको. नकलेच्या पाठीमागे अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी मिळाली या तारखा असतात, आणि नकलेला लागलेला काळ मुदतीतून वजा होतो. ४३ हा आकडा तू कुठून आणलास हे तुझ्या संदेशात कुठेच नाही. तो तू स्वतः मोजलास की समोरच्या वकिलाच्या म्हणण्यातून उचललास, ते मला आधी सांग. शेतकऱ्यालाही सोबत आण. त्या ३१ दिवसांत तो कुठे होता ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचे आहे.

तुझा,
काका