बेस गिटारसाठी पहिला कॉम्बो अ‍ॅम्प : 25 वॉट की 100 वॉट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : कोथरूडला फ्लॅटमध्ये राहता, चार तारांचा बेस आहे, कॉलेजच्या बँडची प्रॅक्टिस सदाशिव पेठेत मित्राच्या जुन्या वाड्यात होते आणि तिथे खरा ड्रमसेट आहे. दुकानात 25 वॉटचा आणि 100 वॉटचा असे दोन कॉम्बो (एम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत) दाखवले. दुकानदार म्हणतो, शिकायला 25 पुरे. कुठला घ्यावा, आणि तोवर गिटारवाल्याच्या अ‍ॅम्पला बेस लावला तर चालेल का?

मी गेली पंधरा वर्षं पुण्यात बेस वाजवतेय, आधी कॉलेजच्या बँडमध्ये आणि आता ऑर्केस्ट्रात. तुमच्या जागी मी 100 वॉटचाच घेईन. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कारण वॉटचा हिशोब वाटतो तितका सरळ नसतो.

वॉट दुप्पट केले की आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे 25 वरून 100 वर गेलात तर हाती येतात 6 डेसिबल. फरक नक्की कळतो, पण चौपट काही नाही. शिवाय खर्ज ऐकण्यात आपला कान मुळातच कमी पडतो. खालचा सूर वरच्या सुराइतका मोठा वाटायचा तर त्याच्यामागे कितीतरी जास्त ताकद लावावी लागते. म्हणून गिटारवाला 30 वॉटमध्ये सगळ्यांच्या वर ऐकू येतो आणि बेसवाला 30 वॉटचा नॉब शेवटपर्यंत फिरवूनही हरवतो. 100 वॉट हवेत ते आवाज न फाटता राहावा म्हणून. रोज तेवढं जोरात वाजवायचं नसतंच.

वॉटइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, महत्त्व स्पीकरला आहे. मोकळ्या ई तारेचा सूर साधारण 41 हर्ट्झ, गिटारच्या जाड ई तारेच्या बरोबर एक सप्तक खाली. 25 वॉटच्या कॉम्बोत बहुतेक वेळा 8 इंची स्पीकर असतो आणि त्याला 41 हर्ट्झ नीट काढता येत नाही. तरीही आपल्याला ई ऐकू येतोच, कारण त्याच तारेतून 82, 124, 165 हर्ट्झ असे वरचे स्वर निघत असतात आणि त्यांवरून मेंदू खालचा पाया स्वतः भरून घेतो. तानपुऱ्याच्या खर्जात स्वयंभू गंधार ऐकला असेल तर हे वरचे स्वर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. घरी एकट्याने वाजवताना एवढ्यावर भागतं. ड्रमर आणि गिटारवाला सुरू झाले की हेच वरचे स्वर झाकले जातात, आपण नॉब वाढवत जातो, स्पीकरचा छोटा कोन (हवा ढकलणारा पडदा) आत-बाहेर जाण्याची हद्द गाठतो आणि आवाज फर्रकन फाटतो. 12 इंची कोनाचं क्षेत्रफळ 8 इंचीच्या सव्वादोन पट असतं, म्हणजे एका हेलकाव्यात तेवढी जास्त हवा ढकलली जाते. अ‍ॅम्पेगचा 1960 सालचा बी-15 जेमतेम 25-30 वॉटचा होता आणि तरी स्टुडिओत तो वर्षानुवर्षं लाडका राहिला. त्याला 15 इंची स्पीकर होता आणि समोर माइक लावलेला असायचा. वाड्यातल्या खोलीत ड्रमरशी सामना करायची वेळ त्याच्यावर नव्हती.

दुकानात जाताना स्वतःचा बेस आणि स्वतःची केबल न्या. तिथला महागडा बेस लावून दाखवतील, त्यावर सगळंच छान वाजतं. टोनचे सगळे नॉब घड्याळात बारा वाजल्यासारखे सरळ ठेवा, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असेल तर बंद करा आणि आवाज इतका वाढवा की बाजूच्याशी बोलायला ओरडावं लागेल. मग स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) वगैरे काही नको. मोकळी ई, नंतर पहिला, दुसरा, तिसरा फ्रेट, एकेक सूर सावकाश, त्याची आस पूर्ण विरेपर्यंत थांबून. पाचव्या फ्रेटपर्यंत सगळे सूर सारख्या वजनाचे यायला हवेत. एखादाच सूर घुमून अंगावर आला तर कॉम्बो भिंतीपासून, विशेषतः कोपऱ्यातून, पुढे ओढून पुन्हा ऐका. दोष कित्येकदा खोलीचा असतो.

मी सध्या वापरते तो कॉम्बो कर्वेनगरला एका घरी जुना बघायला गेले होते. सगळं ठीक होतं, फक्त ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे जी वर, झर्रर्र असा बारीक आवाज यायचा. मालकाला वाटत होतं स्पीकर गेला. मी तोच सूर धरून ठेवला आणि उजवा तळवा आधी जाळीवर दाबला, मग वरच्या हँडलवर. हँडलवर हात पडताच झर्रर्र बंद. स्क्रू ढिला होता, तिथल्या तिथे पिळला. जुना घेणार असाल तर अशी तळव्याची परीक्षा जरूर घ्या, आणि एकेक नॉब फिरवून खरखर ऐकून घ्या.

नावंच हवी असतील तर फेंडरच्या रम्बल मालिकेत 100 वॉटचा, 12 इंची स्पीकरवाला कॉम्बो जेमतेम 10 किलोचा आहे. त्यातलाच 40 वॉटचा, 10 इंची, त्याहून हलका. मालिकेतल्या 25 वॉटच्या कॉम्बोला मात्र एक्सएलआर डीआय आउट (थेट मिक्सरला जोडायचं सॉकेट) नाही, आणि ती उणीव मला फार मोठी वाटते. वजनाचं मी मुद्दाम सांगतेय. तुम्ही अ‍ॅम्प नेणार अ‍ॅक्टिव्हाच्या पायापाशी उभा करून, पाठीवर बेस, आणि वर वाड्याचा अंधारा लाकडी जिना. 20 किलोचा कॉम्बो दोन महिन्यांत तिथेच मित्राकडे मुक्कामाला राहतो आणि घरची प्रॅक्टिस बंद पडते. घेण्याआधी गाडीवरची ती जागा टेपने मोजून जा.

डीआय आउट म्हणजे मागचं ते तीन पिनांचं सॉकेट, ज्यातून बेस सरळ मिक्सरला जातो. ते असलं की 100 वॉटच्या पुढे जायची गरज उरत नाही. उद्या फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेत उतरलात किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात कार्यक्रम मिळाला, तर प्रेक्षकांपर्यंत बेस पोचवतील साऊंडवाल्याचे स्पीकर, आणि तुमचा कॉम्बो फक्त तुम्हाला ऐकू येण्यापुरता. तिथे त्याला खुर्चीवर ठेवा. जमिनीवर ठेवलात तर तो तुमच्या पोटऱ्यांना ऐकू जातो, कानांना नाही.

फ्लॅटमध्ये 100 वॉट जास्त होतील ही भीती नको, मास्टर व्हॉल्यूम खाली ठेवला की झालं. त्रास होतो तो स्लॅबमधून खाली जाणाऱ्या खर्जाचा. कॉम्बो लादीवरून उचलून जाड सतरंजी घातलेल्या स्टुलावर ठेवा, आणि रात्री दहानंतर हेडफोन. कॉम्बोला हेडफोनचं सॉकेट आहे ना, हे दुकानातच बघा. अजून एक, हळू आवाजात खर्ज कमी वाटतो म्हणून घरी आपण बेसचा नॉब वाढवून ठेवतो. प्रॅक्टिसला तेच सेटिंग ठेवलं की नुसती गडगड होते. तिथे बेस कमी करा आणि मिड वाढवा, सूर लगेच सुटे ऐकू येतात.

आता वाड्याबद्दल, आणि हे कृपया वाचून सोडून देऊ नका. जुन्या वायरिंगमध्ये पुष्कळदा अर्थिंग नसतंच. बेसच्या तारा ब्रिजमधून आणि केबलमधून थेट अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. म्हणजे अ‍ॅम्पचं अर्थिंग तुटलेलं असेल आणि आत काही बिघडलं, तर वीज तुमच्या बोटांपर्यंत येते. अशाच एका वाड्यात कोरस म्हणायला मी माइकजवळ गेले, डावा हात तारांवर होता, ओठ माइकच्या जाळीला लागला आणि असा झटका बसला की दात एकमेकांवर आपटले. माइकचा मिक्सर एका खोलीतल्या सॉकेटवर होता, माझा अ‍ॅम्प दुसऱ्या खोलीतल्या, आणि त्या दुसऱ्याला तिसरी पिन फक्त दिसायला होती. त्या दिवशी वाजवणं तिथेच थांबवलं. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं आणि तेव्हापासून सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावतो. तुमच्याकडेही पहिल्या प्रॅक्टिसआधी वायरमनकडून तपासून घ्या. अ‍ॅम्प गुणगुणतो म्हणून अर्थची पिन कधीही काढू नका. डीआयवर बऱ्याचदा ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, मिक्सरला जोडल्यावर येणाऱ्या गुणगुणीसाठी ते आहे.

तिकडे स्वस्त मिळतो म्हणून अमेरिकेहून कुणाबरोबर मागवणार असाल, तर मागच्या पट्टीवर 230 व्होल्ट लिहिलंय का ते आधी विचारा. तिकडची वीज 120 व्होल्टची. एका मित्राने न बघता लावला, काही क्षणांत जळका वास आला आणि अ‍ॅम्प गेला.

गिटारवाल्याचा अ‍ॅम्प घरात हळू आवाजात वापरायला हरकत नाही. ड्रमसमोर नको. त्याचा कोन एवढा आत-बाहेर जायला बनवलेलाच नसतो, तो फाटला तर भरपाई तुम्हाला द्यावी लागेल. बँडमध्ये कीबोर्डवाला असेल तर त्याचा अ‍ॅम्प मागा. कीबोर्डचा डावा हातही खर्जातच चालतो, त्यामुळे ते स्पीकर बेस बऱ्यापैकी झेपवतात. तुमचा कॉम्बो येईपर्यंत तेवढ्यावर काम भागेल.